शेवटचं पिल्लू उडेपर्यंत

माझ्या सासूचं नाव बुरुलचा. ती जिवंत होती तोवर हे नाव मी एकदाही तोंडातून काढलं नाही. आमच्या किरगिझ घरांत सून सासरच्या थोरल्यांची नावं घेत नाही. घेतलं, तर शेजारच्या बायकांना पुढचा सगळा हिवाळा बोलायला विषय मिळतो. आता ती नाही, तरी हे नाव लिहिताना मी एकदा दाराकडे बघून घेतलं. मी तिला आपा म्हणायचे, सगळेच म्हणायचे.

आपा ठेंगणी होती, रुंद हाडाची, आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. कुत्र्याला, चुलीला, पावसाला, मला, ज्याच्या त्याच्या वाट्याला रोज काही ना काही यायचंच. जनावरांवर माया वगैरे तिच्यात नव्हती. मेंढी कापायची तर ती बोलता बोलता कापायची, आणि बोलणं तुटायचं नाही. माश्यांवर तर तिचा विशेष राग. घोड्याच्या शेपटीची चवरी कायम हाताशी असायची, आणि माशी बसली की आपाने कुठलंही काम टाकून तिच्यामागे लागायचं हे ठरलेलं.

तिच्या दोन गोष्टींनी मी लग्न झाल्यापासून वैतागले होते. एक म्हणजे उन्हाळ्यात वर डोंगरातल्या कुरणावर गेलो की सगळ्यांची घरं झऱ्याला चिकटून उभी राहायची, आणि आमचं एकट्याचं पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या खडकापाशी. पाण्याचे डबे वाहून वाहून माझे हात गुडघ्यापर्यंत लोंबायला लागतील असं मला वाटायचं. विचारलं की म्हणायची, "इथं वारा कमी लागतो." सगळ्या कुरणात वारा सर्वांत जास्त तिथेच लागायचा.

दुसरी गोष्ट उतरायच्या दिवशीची. घर मोडून, त्याच्या भिंती-छताचे नमदे, म्हणजे लोकरीचे जाड पट्टे, गुंडाळून, सगळं घोड्यांवर लादून झालं की आपा मागे फिरायची. घर जिथे उभं होतं तिथे गवतात पिवळा गोल उरलेला असतो. त्या गोलात मधोमध उभी राहायची आणि मोठ्याने विचारायची, "सगळे निघाले का?" सगळे म्हणजे आम्हीच, तिच्या समोर घोड्यांवर बसलेलो. माझा नवरा दर वर्षी म्हणायचा, "निघाले, आपा, निघाले." मी मनात म्हणायचे, म्हातारीची एखादी सुई राहिली असेल.

आता त्या वर्षाचं सांगते.

आमच्या घरात दर उन्हाळ्याला भिंगऱ्या यायच्या. नमद्याच्या घराला वर मधोमध लाकडी कडं असतं, त्याला आम्ही तुंदुक म्हणतो. त्यातून धूर जातो, उजेड येतो, आणि भिंगऱ्याही येतात. कड्याच्या आतल्या बाजूला, छताचे वासे जिथे घुसतात तिथे, चिखलाचे गोळे चिकटवून घरटं करतात. आणि एकदा का घरात भिंगरीने अंडी घातली, की शेवटचं पिल्लू उडेपर्यंत ते घर मोडायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याने मोडलं त्याच्या घराचं काय काय झालं, ते मात्र जो तो सांगतो.

एरवी अडचण यायची नाही. त्या वर्षी जूनमध्ये गारपिटीने पहिली अंडी गेली. जोडीने पुन्हा घरटं लिंपलं, पुन्हा अंडी घातली, आणि पिल्लं बाहेर आली तेव्हा शेजारी उतरायच्या गोष्टी करत होते.

पिल्लं बघायला मीही जायचे, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी नुसते गुलाबी गोळे, डोळे मिटलेले, डोक्यावर चार राखाडी केस. पुढे तोंडं फुटली. तोंडं कसली, पिवळ्या काठांच्या पिशव्याच. ओठ असे खाली वळलेले की बघावं तेव्हा कुणीतरी मारल्यासारखी. आई आली की पाचही तोंडं एकदम उघडायची, मान थरथरायची, आणि ज्याला घास मिळाला तेसुद्धा पुन्हा ओरडायला मोकळं. शी आली की पिल्लू मागे मागे सरकत कडेपर्यंत यायचं, ढुंगण बाहेर काढायचं आणि खाली कोण बसलंय हे न बघता कार्यभाग उरकायचं. दोरोनबेक नावाचे आमचे शेजारी, वयाने आणि मानाने मोठे, एकदा चहाला बसले होते. त्यांच्या पांढऱ्या टोपीवर पडलं. मी ओठ दाबून चुलीकडे वळले.

आपा शांतपणे म्हणाली, "दोरोनबेक, नशीबवान आहेस. माणसाला आयुष्यात एकदाच पडतं."

"एकदा? बुरुलचा, ही तिसरी वेळ आहे!"

"मग जागा बदल की. तीनदा एकाच जागी बसणाऱ्याला पाखरांनी काय समजावं?"

आणि हीच बाई, पाहुणे गेले की खांबाला टेकून, मान वर करून अर्धा अर्धा तास उभी. "डोळे उघडले बघ मधल्याने," "ह्याच्या पाठीवर काड्या फुटल्या," "ते कोपऱ्यातलं मागे पडतंय, त्याला घास कमी मिळतो." कोपऱ्यातल्याची तिला फार काळजी. बाकीच्यांच्या पंखांवर निळसर चकाकी आली तरी त्याच्या अंगावरची लव गेली नव्हती. मोठी चार ओळीने कड्यावर बसून पंख फडफडवायची, आणि ते घरट्यात बसून बघायचं.

मला तेव्हा सातवा महिना सरत आला होता. त्याआधीचं एक मूल मी पाचव्यातच गमावलं होतं, तेही वरतीच, दवाखान्यापासून दूर. दवाखाना खिंडीच्या पलीकडे, खाली गावात. खिंडीत एकदा बर्फ बसलं की घोडाही जात नाही, आणि आठवडाभर उघडेल याची खात्री नाही. मला खाली जायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. रात्रंदिवस मी त्या खिंडीकडे बघायचे.

एकेक करून शेजारी उतरले. शेवटी दोरोनबेकही घोडा घेऊन निरोपाला आले आणि खाली न उतरताच म्हणाले, "मेंढ्या रात्री एकमेकींना चिकटून बसतायत. कुबात, उद्याच नीघ. मी सांगतोय म्हणून नाही, मेंढ्या सांगतायत म्हणून."

कुबात म्हणजे माझा नवरा. त्याने आईकडे बघितलं. आपा कुरुताचे गोळे उन्हात पसरत होती. आंबट दह्याचे हे गोळे वाळवायचे तर ऊन हवं, आणि ऊन पातळ झालं होतं.

"आपा, गवत संपलंय," कुबात म्हणाला.

"मग मेंढ्या घेऊन जा."

"आणि घर?"

"घर उभं राहील. मी आहे."

"एकटी?"

"एकटी कशी? पाच वर आहेत, त्यांचे आईबाप आहेत. तू मैरामला घे आणि जा."

मैराम म्हणजे मी. आणि तिथे माझं डोकं फिरलं. इतके दिवस दाबलेलं सगळं वर आलं.

"म्हणजे मी मेंढ्यांच्या मागे दोन रात्री उघड्यावर झोपत जायचं, आणि तुम्ही इथे पाखरं राखणार?" मी म्हणाले. "तुमचं नातवंड मोठं की भिंगरीची पिल्लं, ते तरी सांगा."

कुबातने डोळे मिटून घेतले. सासूला असं बोलणारी सून त्याने पाहिली नव्हती, आणि मीही पाहिली नव्हती. आपाने हातातला कुरुत फडक्यावर ठेवला.

"म्हणून तर सांगतेय, तू जा," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "तू इथे राहायचं नाहीस. पाया पडू का तुझ्या?"

मला त्यातलं फक्त "तू जा" ऐकू आलं. माणूस चिडला की जेवढं टोचेल तेवढंच ऐकतो. मी म्हणाले, "तुम्ही राहणार असाल तर मीही राहणार. बघू कोण आधी खाली उतरतं."

कुबातची मधल्यामध्ये कोंडी झाली. शेवटी त्याने ठरवलं ते त्याच्या परीने बरोबरच होतं. आभाळ निरभ्र होतं. मेंढ्यांच्या कळपामागे हळूहळू जाण्यापेक्षा मी घरात ऊबेला राहिलेली बरी. तो मेंढ्या खाली पोचवून रिकामे घोडे घेऊन चारेक दिवसांत परत येणार, तोवर पिल्लं उडतील, मग घर मोडून सगळे एकत्र निघू. एक गाय, तिचं वासरू आणि एक घोडा आमच्याजवळ ठेवून तो गेला. आपा त्याच्या मागे कितीतरी लांबपर्यंत चालत गेली, काहीतरी सांगत, हात जोरजोराने हलवत. परत आली ती माझ्याशी बोललीच नाही.

कुरणावर आम्ही दोघी उरलो. शेजाऱ्यांच्या घरांचे पिवळे गोल सगळीकडे पडलेले. असं रिकामं कुरण मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला भीती वाटली हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

दोन दिवस छान गेले. चार मोठी पिल्लं घरातल्या घरात उडायला लागली. या वाशावरून त्या वाशावर, एकदा तर चुलीच्या नळकांड्यावर बसायला गेलं आणि चटका बसून ओरडत परतलं. आपा हसली, आणि मग मी बघतेय असं दिसताच गप्प झाली. कोपऱ्यातलं अजून घरट्यातच. आता त्यालाही पंख होते, पण शेपटी आखूड, आणि धीर त्याहून आखूड.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेने. घरट्यातून आवाज नाही. तुंदुकमधून करडा उजेड, आणि त्यातून सावकाश, घाई न करता, बर्फ खाली येत होतं. माझ्या गोधडीवर पडत होतं. चुलीवर पडून चरचरत होतं.

आपा आधीच उठली होती. तुंदुकवर जे नमद्याचं झाकण असतं त्याचा दोर तिच्या हातात होता. ओढला की वरचा नमदा कड्यावर येतो आणि घर बंद होतं. पण बंद झालं की भिंगऱ्यांचा रस्ताही बंद. दार उघडं ठेवलं तर वारा थेट आत. ती दोर धरून उभी होती आणि ओढत नव्हती.

"किती वेळ पडतंय?" मी विचारलं.

"उजाडायच्या आधीपासून."

"खिंड?"

तिने दाराकडे बोट केलं. मी दार किलकिलं करून बघितलं. खिंड दिसतच नव्हती. पलीकडचा डोंगरच दिसत नव्हता.

चुलीत गोवऱ्या टाकल्या. आडोशाला रचलेल्या गोवऱ्यांचा ढीग उतरायच्या हिशेबाने ठेवलेला, म्हणजे नसल्यासारखाच. ऊब वर जायची आणि तुंदुकमधून बाहेर. भिंगऱ्यांची जोडी बाहेर जायची आणि रिकाम्या चोचीने परत यायची. बर्फात उडता किडा कुठून मिळणार? पिल्लं तोंडं उघडायची, आवाज निघायचा नाही. ओरडणारी पिल्लं माझं डोकं उठवायची, पण ही मुकी तोंडं बघवेनात.

दुपारपर्यंत माझ्या अंगातली थंडी निघेना. दात वाजायला लागले. मग पोट एकदम दगडासारखं घट्ट झालं. मी काही बोलले नाही, फक्त हात पोटावर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. आपाची नजर माझ्या हातावर होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काही नाही, थंडीने होतंय."

तिचा चेहरा मी आजही विसरले नाही. राग नव्हता, घाबरणं म्हणावं तर त्याच्याही पुढचं काहीतरी होतं. तिने वर घरट्याकडे बघितलंच नाही. दोर दोन्ही हातांनी ओढला. नमदा धपकन कड्यावर बसला, घरात अंधार झाला, वरचं बर्फ थांबलं.

"आपा!"

"मरू देत," ती म्हणाली. "मेली तर मेली. तू इकडे ये, चुलीजवळ."

जी बाई त्या पिल्लांसाठी पोटच्या पोराशी भांडली होती तिच्या तोंडून हे आलं. तिने मला चुलीशी ओढलं, आपला मेंढीच्या कातड्याचा डगला माझ्यावर घातला, मागून मला धरून बसली. मला तिने लग्नानंतर पहिल्यांदाच असं धरलं होतं.

"मी पण अशीच बसले होते," ती म्हणाली. "ह्याच घरात. ह्याच जागेवर."

मग तिने सांगितलं. भरभर सांगितलं, कुणी मध्ये अडवेल या भीतीने सांगावं तसं. तेव्हा कळप सामूहिक शेतीचे होते, सगळे आधीच उतरले होते, आणि हिच्या सासूने घर मोडू दिलं नाही, कारण वर घरट्यात पिल्लं होती. हिच्या कुशीत मुलगी होती, पहिलीच, अजून मानही न धरणारी. नाव जिपार. बर्फ आलं. सासूने तुंदुक उघडंच ठेवलं, भिंगऱ्यांसाठी.

"सासू वाईट नव्हती गं," आपा म्हणाली. "तिला वाटलं, बाळ आईच्या अंगाशी आहे, गोधडीत आहे, त्याला काय होतंय? पिल्लांना कोण आहे? मलाही तसंच वाटलं. मी सून होते, दोर तिच्या हातात होता. मी म्हटलंच नाही, आपा, दोर ओढा. एवढंच म्हणायचं होतं."

जिपारला आधी खोकला झाला, मग ती दूध ओढेना. माझ्या सासऱ्यांनी खडकाच्या आडोशाला जमीन उकरली, गोठलेली जमीन, पहारीने.

"आणि पिल्लं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"उडाली. सगळी उडाली. चार दिवसांनी ऊन पडलं आणि एकापाठोपाठ एक गेली. मी इथे उभी राहून बघितली. लोक म्हणाले, ही आता भिंगऱ्यांचा दुस्वास करेल. कशाला करू? त्यांनी काय केलं? त्या वर्षी आमच्या घरातून जिवंत बाहेर पडलं ते तेवढंच." तिने डगला माझ्या खांद्यांवर घट्ट ओढला. "म्हणून तुला म्हणत होते, जा. तू गेली असतीस तर मी एकटीने कुडकुडत तुंदुक उघडं ठेवलं असतं. तू आहेस तर नाही ठेवणार."

मोठा खडक घराच्या मागे पन्नास पावलांवरही नव्हता. मला पाण्याचे डबे आठवले, मी तिला मनात घातलेल्या शिव्या आठवल्या, आणि मला रडू फुटलं. तीही रडली असेल, माझी पाठ तिच्याकडे होती.

तेवढ्यात वर आवाज झाला. भिंगऱ्यांची जोडी परत आली होती आणि त्यांना रस्ता सापडत नव्हता. नमद्यावर बारीक नखं घासल्याचा आवाज, आणि ती त्यांची चिवचिव, पुन्हा पुन्हा. आतून पिल्लांनी उत्तर दिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

आपा हलली नाही. तिने माझ्या कानांवर हात ठेवले, जणू मी लहान होते.

मी तिचे हात काढले. "आपा, वासरू आत घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"वासरू. गाय पण. अंगाची ऊब होईल. आणि त्यांच्या अंगावर माश्या आहेत."

मी उठले, दोर तिच्या मुठीतून घेतला आणि झाकण अर्ध्यावर सरकवलं, वाऱ्याच्या उलट बाजूने, घरट्यापुरतं. अंथरूण उचलून बंद बाजूच्या खाली टाकलं. जोडी क्षणात आत आली.

"उभ्या काय? जनावरं आणा!" मी ओरडले. सासूला हुकूम सोडायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ, आणि ती गेली.

गाय दारातून आत यायला तयार नव्हती. आपाने तिला अशा शिव्या दिल्या की मीही आले असते. वासरू माझ्या पायाशी बसवलं. थोड्या वेळात घरात शेणाचा वास, वाफ, ऊब, आणि मग एकेक करून गारठून बसलेल्या माश्या जाग्या झाल्या. गायीच्या पाठीवरून उठल्या, छताच्या वाशांवर गेल्या, चुलीच्या नळकांड्याभोवती घोंगावायला लागल्या. सवयीने आपाचा हात चवरीकडे गेला.

"खबरदार!" मी म्हणाले.

तिने चवरी दाराबाहेर बर्फात फेकून दिली. मग खारवलेल्या मांसाचा तुकडा होता, तो फडक्यातून काढला आणि माश्या बसाव्यात म्हणून नीट उघडा करून वाशाला टांगला. जन्मभर माश्यांपासून मांस झाकत आलेली बाई. भिंगऱ्या घराच्या आतच गिरक्या घ्यायला लागल्या, आमच्या डोक्यांवरून, गायीच्या शिंगांमधून, आणि चोचीत काहीतरी घेऊन वर. तोंडं उघडली. ओरडली. मला इतका गोड गोंगाट आयुष्यात ऐकायला मिळाला नव्हता.

वासराचं अंग माझ्या पोटाला टेकलं होतं. संध्याकाळपर्यंत पोट सैल झालं. आपा दर थोड्या वेळाने हात ठेवून बघायची आणि आत लाथ बसली की "अस्सं!" म्हणायची.

बर्फ थांबलं ते दुसऱ्या दिवशी, आणि त्याच्या पुढच्या सकाळी स्वच्छ ऊन पडलं. चार मोठी पिल्लं एकामागोमाग तुंदुकमधून निघाली, थोडी गरगरली आणि खडकावरून दरीकडे गेली. कोपऱ्यातलं कड्यावर येऊन बसलं. तिथेच बसून राहिलं.

दुपारी कुबात आला. घोडे पोटापर्यंत बर्फात रुतून आले होते, त्याच्या मिश्यांवर बर्फ होतं. त्याने मला बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, आणि मग एकदम खाली बसून तोंड हातांत धरलं. लगेच उठला.

"मागून पुन्हा ढग येतायत. खिंड आता उघडी आहे, संध्याकाळी नसेल. आत्ताच्या आत्ता घर काढायचं."

आपाने वर बघितलं, मग माझ्याकडे. "काढ," ती म्हणाली.

आम्ही तिघांनी घर उकललं. नमदे उतरले. गुंडाळले. लादले. आता नुसता लाकडी सांगाडा उभा, वर कडं, आणि कड्यावर ते पिल्लू, आजूबाजूला एकदम एवढं आकाश आलेलं बघून चक्रावलेलं. वासे काढायचे तर कड्याला खालून आधार लागतो. कुबातने बेचक्याच्या लांब काठीवर कडं पेललं आणि आम्ही दोघींनी वासे एकेक करून सोडवले. शेवटचा वासा निघाला. आता ते जड लाकडी कडं फक्त त्याच्या काठीवर होतं, उंच, आणि त्यावर पिल्लू, आणि शेजारी त्याचं रिकामं घरटं.

"उतरवू?" कुबातने विचारलं.

आपाला "उतरव" म्हणायचं होतं, मला दिसत होतं. ढगांनी पलीकडची धार गिळली होती.

"नाही," मी म्हणाले. "थोडं धरा."

"मैराम, हात भरून आलेत!"

"भरू देत. मला सातवा महिना भरलाय, मी काही म्हणतेय का?"

आपा पुढे झाली. ठेंगणी बाई, तिचे हात काठीच्या मध्यापर्यंतच पोचले, पण तिने तिथे धरलं आणि मुलाच्या हातांखाली आपला जोर लावला. मीही धरलं. कडं हलायचं, पिल्लू पंख पसरून तोल सावरायचं आणि पुन्हा मिटून बसायचं. आईबाप आले. चोचीत घास, पण द्यायला जवळ येईनात. तोंडासमोर येऊन थरथरत राहायचे आणि मागे सरकायचे. ते पिल्लू मान लांब करायचं, आणखी लांब, पाय कडेपर्यंत, आणि ओरडायचं. वाऱ्याचा पहिला गार झोत आला. काठी माझ्या तळव्यात घसरली. कुबातच्या तोंडून दमाचा आवाज निघाला.

"जा की रे," आपा हळूच म्हणाली. "जा ना, बाळा."

ते पडलं. उडालं असं म्हणता येणार नाही, ते सरळ पडलं, आमच्या डोक्यांपर्यंत, आपाच्या रुमालाला पंख घासला, आणि तिथून वारा त्याच्या पंखांखाली आला. ते वर गेलं. वाकडं तिकडं, एकदा खडकाला लागता लागता वाचलं, मग वरती आणि मग दरीवर, जिथे त्याचे आईबाप वाट बघत होते.

कुबातने कडं खाली घेतलं आणि हात झटकत राहिला. पंधरा मिनिटांत सगळं लादून झालं.

मी घोड्यावर चढायच्या आधी मागे बघितलं. आपा पिवळ्या गोलात उभी होती. तिचं तोंड खडकाकडे होतं. या वेळी तिने काही विचारलं नाही. मी तिच्याजवळ गेले, तिचा हात धरला.

"सगळे निघाले का, आपा?" मी विचारलं.

तिने पुन्हा एकदा खडकाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. मग माझ्या डगल्याचं वरचं बटण लावलं. "पण तू चल."